जुन्या घराचं अर्थिंग जातं कुठं?

एप्रिल लागला की मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात: "भाऊ, कूलर झनझन करून राह्यला." म्हणजे हात लावला की झटका बसतो. मी विचारतो, अर्थिंग आहे का? उत्तर ठरलेलं असतं, "हाय ना!"

मागच्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या बाजूच्या एका गावी असाच गेलो. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढं ओसरी, ओसरीच्या खिडकीला पत्र्याचा कूलर. काकीजी रबरी चप्पल घालून, डावा हात पाठीमागं ठेवून कूलरमध्ये पाणी ओतत होत्या. असं भरायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, झटके खाऊन त्या शिकल्या होत्या. वर त्यांची एक तक्रार होती: "सकाळी काई नाई करत, दिवेलागणीलेच झनझनते." संध्याकाळी दाब कमी-जास्त होतो म्हणून असेल, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं. ते चुकलं, पण ते पुढं येईल.

काकाजी म्हणाले, "अर्थिंग पक्कं हाय. आमच्या बाबूजीनं ७८ साली न्हाणीजवळ पाइप गाडला, तो अजून तसाच हाय." पाइप खरंच होता. पण पाइप असणं आणि अर्थिंग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो पाइप कशाला जोडलाय, आणि कूलरच्या पत्र्यावर करंट आला तर तो त्याला कुठल्या वाटेनं नेतो, हे कळल्याशिवाय "हाय ना" या उत्तराला फारसा अर्थ नाही.

करंट जमिनीत गेला की संपला, पावसाचं पाणी मुरतं तसा मुरला, असं आपल्याकडं सगळे धरून चालतात. तसं होत नाही. गावाच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ११ केव्हीचे (११ हजार व्होल्टचे) ४३३ व्होल्ट होतात. तिथून तीन फेज (करंट आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल निघतो, आणि एक फेज व न्यूट्रल मिळून आपल्या घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब येतो. डीपीतून निघालेला करंट डीपीतच परत जातो, गायी चरून गोठ्यात परततात तसा. रोजची परतीची वाट न्यूट्रलची. पण डीपीपाशी तोच न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो, त्यामुळं जमीन ही परतीची दुसरी वाट होते. मोटारीतली फेजची तार आतून पत्र्याला टेकली आणि तुम्ही ओल्या जमिनीवर उभं राहून पत्र्याला हात लावला, तर त्या दुसऱ्या वाटेचा एक तुकडा तुम्ही झालात. पत्र्यापासून डीपीपर्यंत तुमच्यापेक्षा कितीतरी सोपी वाट आधीच तयार ठेवायची, हे अर्थिंगचं काम.

ही वाट तीन तऱ्हांनी ठेवता येते, आणि आपल्या घरात कोणती आहे हे ओळखायचं असतं. पुस्तकात त्यांना टीटी, टीएन-एस आणि टीएन-सी-एस म्हणतात. अक्षरांना घाबरू नका. पहिलं अक्षर डीपीकडचं, दुसरं तुमच्या घराकडचं. 'टी' म्हणजे तेर, फ्रेंच भाषेत जमीन. 'एन' म्हणजे न्यूट्रल. टीटीमध्ये डीपीचा न्यूट्रल डीपीपाशी गाडलेला, तुमच्या कूलरचा पत्रा तुमच्या अंगणात गाडलेला, आणि मधली वाट फक्त मातीची. टीएन-एसमध्ये डीपीपासून तुमच्या घरापर्यंत फेज, न्यूट्रल आणि अर्थची एक वेगळी तार अशा तिन्ही येतात. 'एस' म्हणजे वेगळं. टीएन-सी-एसमध्ये वाटेत न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेत एकत्र, आणि तुमच्या दारात आल्यावर त्यांच्या दोन तारा होतात.

तार आहे की माती, एवढ्यानं काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. तारेची वाट असेल तर जाऊन-येऊन अडथळा एखादा ओहम. २३० भागिले १, म्हणजे २३० अँपिअर. फ्यूज किंवा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) डोळ्यांचं पातं लवायच्या आत उडणार. आता टीटी. तुमचा पाइप २० ओहम आणि डीपीचा ५ ओहम धरा. २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. तुमच्या बोर्डात १५ अँपिअरचा किटकॅट फ्यूज बसलाय. तो ९ अँपिअरवर उडत नाही, आरामात बसून राहतो. आणि त्या वेळी कूलरच्या पत्र्यावर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट उभे असतात. अर्थिंग आहे, तार जोडलेली आहे, पाइप गाडलेला आहे, तरी माणूस जातो, तो असा.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. तुमचं घर टीटी निघालं, तर फ्यूजच्या आणि साध्या एमसीबीच्या भरवशावर राहू नका. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते. ३० मिलीअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात लाइन तोडते. मघाच्या हिशोबात पाइप २० ऐवजी २०० ओहमचा असता तरी एक अँपिअरहून जास्त करंट गळला असता. आरसीसीबीला तो डोंगराएवढा. खेड्यातल्या कोरड्या अर्थिंगला तारणारं दुसरं काही माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता घर ओळखायचं ते खांबापासून. मान वर करा. खांबावरून घरावर येणारी सर्व्हिस वायर पाहा. जुन्या घरांना बहुतेक दोनच कोअरची, म्हणजे आत दोनच तारांची, वायर असते, आणि तिला पेलायला सोबत एक जस्ताची तार. या तारेला लोक अर्थिंग समजतात. ती वजन पेलायला आहे, तिच्यावर विश्वास टाकू नका. कपडे वाळवायची तार तर तिला, किंवा ती जिथं बांधलीय त्या अँगलला, चुकूनही बांधू नका. सर्व्हिस वायरचं रबर उन्हानं फाटलं की तीच तार फेजवर येते, आणि मग ओला शर्ट टाकायला गेलेली बाई परत येत नाही. दरवर्षी पेपरात वाचतो आपण.

दोनच कोअर आत आल्या, आणि वीज कंपनीनं दारात न्यूट्रलमधून अर्थची तार वेगळी काढून दिलेली नसेल, तर तिच्याकडून अर्थ तुमच्या घरात आलेला नाही. मग घर एक तर टीटी आहे, नाही तर त्याला अर्थिंगच नाही. कागदोपत्री वेगळं आहे: १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत आणि नंतरच्या २०१०च्या नियमांतही, पुरवठा करणाऱ्यानं ग्राहकाच्या आवारात अर्थचं टर्मिनल द्यावं असं लिहिलेलं होतं. मी जुन्या घरांत किती बोर्ड उघडले असतील त्याचा हिशोब नाही. तसं टर्मिनल दिसलं की मी थांबून पाहतो, इतकं ते विरळ. टीएन-एस पाहायचं तर शहरातल्या नव्या इमारतीत, जिनिंगमध्ये, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या ठिकाणी जा. तिथं जाड आर्मर्ड केबल येते आणि तिच्यासोबत अर्थची पट्टी स्पष्ट दिसते.

मग मीटरचा बोर्ड. लाकडी फळीवर पत्र्याच्या पेटीचा मेन स्विच असेल, पेटीवर म.रा.वि.मं. अशी अक्षरं असतील, तर जोडणी २००५च्या जूनआधीची, म्हणजे वीज मंडळाच्या कंपन्या व्हायच्या आधीची. त्या पेटीच्या अंगाला एक बोल्ट असतो आणि त्यातून उघडी तार खाली जाते. ती तार कुठवर जाते, हे बोट न लावता नजरेनं पाहत जा. या पेटीत आणखी एक गोष्ट दिसते: जुन्या बोर्डांत फेजला एक आणि न्यूट्रललाही एक फ्यूज. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरात अंधार होतो पण फेज जिवंतच राहतो, आणि माणूस "लाइट गेली" म्हणून हात घालतो. न्यूट्रलला असा फ्यूज दिसला तर तिथं जाड तारेची पक्की लिंक करून घ्या.

घरातली तार लाकडी पट्टीवरून, टिनच्या क्लिपांनी मारलेली असेल, तर तिच्या शेजारून एक उघडी तांब्याची किंवा जस्ताची तार धावताना दिसते का ते पाहा. दिसली तर ती अर्थची. नसली आणि तरी प्लगला तीन भोकं असली, तर वरचं मोठं भोक रिकामं असण्याची दाट शक्यता आहे. कुणीतरी दोन पिनांचं सॉकेट काढून तीन पिनांचं बसवलं, एवढंच. थ्री-पिनची वरची पिन लांब आणि जाड का असते? ती सगळ्यात आधी टेकावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. इतका विचार करून बनवलेल्या पिनच्या मागं काहीच नसतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

रिकामं भोक परवडलं म्हणावं असा एक प्रकार आहे. सॉकेट उघडल्यावर न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीचा तारेचा तुकडा दिसतो. 'घरगुती अर्थिंग'. पोरं व्हिडिओ पाहून करतात. अमेरिकेत मेन पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडतात हे खरं, ब्रिटनमध्ये टीएन-सी-एस सर्रास आहे हेही खरं. पण तिथं जोड एकाच ठरलेल्या जागी असतो आणि न्यूट्रल तुटू नये, ठिकठिकाणी गाडलेला असावा, याची जबाबदारी पुरवठा करणाऱ्यावर असते. आपल्याकडं वादळात फांदी पडते, न्यूट्रल तुटतो. सॉकेटमध्ये तो तुकडा असेल, तर फेज मोटारीच्या गुंडाळीतून न्यूट्रलवर, तिथून तुकड्यावरून थेट पत्र्यावर. कूलर बंद, पत्रा जिवंत. त्याहून वाईट म्हणजे खांबावर काम करताना कुणी फेज-न्यूट्रल उलटे बांधले तर. मग काहीही न बिघडता, कोरा करकरीत कूलर लावल्या क्षणी त्याच्या अंगावर २३० व्होल्ट.

याच्या उलट प्रकार शेतात चालतो. न्यूट्रल नाही, एकच फेज आलाय, मग फेज आणि अर्थिंगचा पाइप यांच्यावर बल्ब लावायचा. बल्ब लागतो, कारण माती डीपीकडं जाते हे मघाशी पाहिलं. पण त्या पाइपाभोवतीची जमीन जिवंत होते. माणूस दोन पायांवर, बैल चार. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून दाबाचा फरकही जास्त. पाइपाजवळ माणसाला नुसतं झिणझिणतं, तिथं बैल कोसळतो. घरातही एखाद्या दिव्याचा परतीचा वायर असाच अर्थवर टाकलेला असू शकतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

एवढं नजरेनं झालं. पुढचं मोजमाप परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या, पण तो काय करतोय ते कळायला हवं, नाही तर तो बल्ब लावून दाखवतो आणि चारशे रुपये घेऊन जातो. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावला, लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग चांगलं, ही चाचणी गावोगाव चालते आणि ती फसवी आहे. त्या बल्बचा स्वतःचा अडथळाच ५२९ ओहम. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात. डोळ्याला फरक कळणार नाही. आणि अर्थिंग ५०० ओहमचं असेल तर चाचणी चालू असेपर्यंत अर्थला जोडलेल्या घरातल्या प्रत्येक पत्र्यावर शंभराहून जास्त व्होल्ट चढतात. त्या वेळी कुणी फ्रिज उघडायला नको.

मल्टिमीटरनं तीन आकडे घ्यायचे. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे आले तर बरं. फेज-अर्थ ७०, ११० असा काहीतरी अधांतरी आला, तर अर्थची तार कुठंही पोचलेली नाही, हवेतच आहे. तिसरा आकडा मला सगळ्यात आवडतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट दिसतात. मग हजार वॅटची इस्त्री लावायची. आकडा वाढला तर न्यूट्रल आणि अर्थ घरात वेगळे आहेत. इस्त्री त्याच बोर्डावर लावूनही आकडा शून्याला चिकटून राहिला, तर तिथंच जवळपास दोघांना जोडणारा तुकडा आहे. शोधा आणि काढा.

पाइपाचा खरा अडथळा मोजायचा तर अर्थ टेस्टर लागतो: पाइपापासून दूरवर, एका रेषेत, जमिनीत दोन सळया ठोकायच्या, पाइप आणि लांबच्या सळईमधून करंट सोडायचा आणि पाइप व मधल्या सळईतला दाब मोजायचा. यात आपल्या मातीचा मोठा वाटा आहे. अर्थिंगचा जस्ती पाइप ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब धरा. हाच पाइप ओल्या काळ्या मातीत, विशिष्ट रोध (मातीचा स्वतःचा अडथळा) १० ओहम-मीटर धरला, तर साडेतीन ओहम देतो. कोरड्या मुरमात, ३०० धरला, तर शंभराच्या वर जातो. पाइप तोच, माती वेगळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, तेव्हा पाइपाला घट्ट मिठी मारून बसते. मे महिन्यात तीच आकसते, मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती पाइपापासून सुटते. म्हणजे अर्थिंग सगळ्यात अशक्त असतं ते नेमकं कूलरच्या दिवसांत. ऑगस्टमध्ये मोजून "चार ओहम, बढिया" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मे महिन्यात मोजा. कोळसा-मीठ भरलेला असतो हे ठीक, पण मीठ पाइपालाही खातं, आणि पाणी न घातलेलं मीठ नुसतं मीठच.

काकाजींच्या बाबूजींनी पाइप न्हाणीजवळ गाडला होता, हे मला फार हुशारीचं वाटलं. घरभराच्या आंघोळीचं पाणी रोज त्याच्या बुडाशी. पण आठ-दहा वर्षांपूर्वी संडास-बाथरूम नवीन बांधलं, परसात, दुसऱ्या टोकाला. जुन्या न्हाणीच्या जागी आता कडबा होता. पाइप त्या दिवसापासून तहानलेला. आणि पाइपाच्या डोक्यावरचा क्लँप मी हातानं हलवला तर गंजाचा पापुद्रा सुटून आला. तार क्लँपवर नुसती टेकून उभी होती.

मेन बंद करून सांधा घासला, नवा क्लँप आवळला, चार घागरी पाणी ओतलं. संध्याकाळी टेस्टरनं ६२ ओहम दाखवले. मे महिन्यात, त्या जागी, याहून चांगलं मिळेल असं मला वाटलंही नव्हतं. ६२ ओहमवर फ्यूज उडणार नाही, म्हणून मेन स्विचपुढं आरसीसीबी बसवली. ती जास्तीच्या लोडला पाहत नाही, म्हणून सोबत एमसीबी. टेस्टचं बटण दाबून काकाजींना दाखवलं, महिन्यातून एकदा दाबायचं. हेही सांगितलं की ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, पाइप नाही.

सामान आवरत होतो तेवढ्यात काकीजी दिवा लावायला देवघरात गेल्या. खट्. घरात अंधार. आरसीसीबी वर केली, टिकली. पुन्हा देवघराचं बटण, पुन्हा खट्. बहुतेक घरांत या टप्प्याला वायरमनला शिव्या बसतात आणि दुसऱ्या दिवशी आरसीसीबी काढून फेकली जाते. मी देवघराची पट्टी उलगडली. झिरोच्या लाल बल्बची एक तार बटणावर, आणि दुसरी न्यूट्रलवर नाही, शेजारून जाणाऱ्या उघड्या अर्थच्या तारेवर पिळलेली.

"हे कुणी केलं?"

काकाजी जरा वेळानं म्हणाले, "म्याच केलं. भिंतीतला वायर तुटला होता. दिवाळी होती, मंग कोनाले बोलावू?"

दिवेलागणीचं कोडं तिथं सुटलं. नावाला झिरोचा, पण १५ वॅटचा बल्ब, त्याचा करंट अर्थच्या तारेवरून पाइपाकडं निघालेला, आणि वाटेत गंजलेला सांधा. त्या सांध्याचा अडथळा हजारेक ओहम धरला, तर देवघराचा दिवा लागल्या क्षणी अर्थच्या तारेवर, म्हणजे कूलरच्या पत्र्यावर, ५० व्होल्ट. कूलरची मोटार ठणठणीत होती. देवघरातला दिवा कूलर भरणाऱ्या बाईला झटके देत होता.

बल्बची तार अर्थवरून काढली, न्यूट्रलची नवी ओढली. बटण दाबलं, दिवा लागला, आरसीसीबी हलली नाही. पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, हे मी दोनदा सांगितलं. काकीजींनी प्लग काढला, पत्र्याला उलट्या हातानं जरासं चाचपलं, आणि तरी चप्पल घालूनच घागर उचलली.